हातात सायकल धरून चालणारे मामाजी

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सायकलच्या सीटवर अंग टेकवले नाही, त्याच्या मागून पन्नासेक सायकली एका ओळीत तळ्यापर्यंत गेल्या कशा, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न मीच घातला आहे आणि उत्तरही मीच देणार आहे. वर्गात भूगोल शिकवताना पुष्कळदा असेच करावे लागत असल्याने त्याची मला सवय आहे. उत्तराकडे वळण्यापूर्वी एक विधान निःशंकपणे करते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सायकली अमाप आहेत. त्यांवरून धानाची पोती जातात, दुधाच्या कॅन जातात, नवी सून माहेरी जाते आणि आजारी सासरा दवाखान्यात जातो. परंतु सायकलीला मामाजींइतका मान या जिल्ह्यात कोणी दिलेला नाही. इतर लोक सायकलीवर बसत. मामाजी तिला हाताशी धरून, घरच्या माणसासारखी सोबत घेऊन चालत.

मामाजी म्हणजे माझ्या नणंदेचे मामेसासरे. हे नाते नीट समजावून सांगायला फळ्याचा अर्धा भाग लागतो, म्हणून साऱ्या पंचक्रोशीने त्यांना सरसकट मामाजी करून टाकले होते. ते पोवारांपैकी, पूर्वज मालव्यातून आलेले, त्यामुळे घरी पोवारी बोलत आणि बाहेर आमची झाडीबोली. नवेगाव बांधच्या तळ्याच्या अलीकडे त्यांचे गाव, गावाला लागून त्यांची धानाची शेती, आणि घराच्या ओसरीला टेकलेली त्यांची काळी, उंच, दांडीची सायकल. तिच्या सीटवरचे कारखान्यातले प्लॅस्टिक त्यांनी कधीच काढले नाही. ते काढण्याची गरज काय, असा त्यांचा सवाल होता, आणि तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष होता. कॅरिअरवर एखादी पिशवी, हँडलला छत्री, उजवा हात सीटवर आणि डावा हँडलवर, अशा थाटात ते मैलोन्‌मैल चालत. चाक पंक्चर झाले तर त्यांना ते आठवडाभर कळत नसे; कळले तरी चालण्यात फरक पडत नसे. घंटी मात्र ते नेमाने वाजवत. समोरून माणूस आला की वाजवत, गाय आली की वाजवत, आणि शेताच्या बांधावर कोणी वाकून काम करताना दिसले तर तो वर पाहीपर्यंत वाजवत.

ते सायकलीवर का बसत नाहीत, याविषयी गावात अनेक मते होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी गुडघ्याचे कारण सांगितले होते आणि सरपंचांना कंबरेचे. मामीजींचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, मत सर्वांत सरळ होते. त्या म्हणत, "येतच नाही त्याइले चालवता. लग्नात सायकल मिळाली, तवापासून लाजून राहिले." मी एकदा शिस्तीत विचारले तेव्हा मात्र त्यांनी मला वेगळेच उत्तर दिले. "मास्तरीनबाई, सायकलीवर बसून चाललेल्या मानसाले कोनी थांबवत नाही. हातात सायकल धरून चाललेल्याले सारेच थांबवतात. काऊन बा, पंक्चर झाली का, हवा गेली का, मदत करू का? मंग मी थांबतो, अन् त्याले विचारतो, जेवला का?"

हा 'जेवला का?' त्यांचा नमस्कार होता. पहाट असो, टळटळीत दुपार असो, लग्न असो की तहसील कचेरी, समोरच्याला ते प्रथम हेच विचारत. आता हा प्रश्न आमच्याकडे सगळेच विचारतात, आणि सगळेच 'हाव, जेवलो' म्हणून पुढे जातात. मामाजींचे वैशिष्ट्य असे की त्यांचे तेवढ्यावर समाधान होत नसे. लगेच दुसरा प्रश्न येई, "काय जेवला?" आणि हा प्रश्न विचारून ते समोरच्याच्या तोंडाकडे असे पाहत राहत, जसा परीक्षक तोंडी परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतो. नागपूरहून नव्याने बदलून आलेले बँकेचे साहेब त्यांना म्हणाले, "जेवलो." मामाजींनी भाजी विचारली. साहेबांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले, आणि मग म्हणाले, "आपलं नेहमीचंच." मामाजी उठले. त्यांनी बाहेर येऊन सायकलीच्या कॅरिअरवरची पिशवी सोडली, आत जाऊन टेबलावर भाकर आणि चटणी ठेवली, आणि आपले काम न करताच परत निघाले. काम दुसऱ्या दिवशी झाले, आणि ते आधी कोणाचे झाले नसेल इतके लवकर झाले, हे सांगायला नकोच.

एकदा ते एका नातलगाच्या शेतावर बिरसीला गेले होते. तिथे विमानतळ आहे आणि वैमानिक घडवणारी शाळाही आहे. पांढऱ्या शुभ्र गणवेशातला एक परप्रांतीय विद्यार्थी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. मामाजींनी घंटी वाजवून त्याला वळवले आणि जेवणाची चौकशी केली. पोराला भाषा कळली नाही. टपरीवाल्याने हिंदीत समजावल्यावर त्याने मान डोलावली. "काय खाल्लं?" या प्रश्नाला त्याने "ब्रेड" असे उत्तर दिले. मामाजी सायकल घेऊन थेट फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, तो पोरगा उपाशी आहे. असा उपाशी मानूस वर कायले पाठवून राहिले? वर काय भेटते त्याले खायाले?" पहारेकऱ्याने त्यांना बसवून पाणी दिले. ते पाणी त्यांनी प्यायले नाही, कारण ते रिकामे होते.

रिकामे पाणी हा विषय समजून घेतल्याखेरीज पुढचा प्रसंग समजणार नाही, म्हणून थोडे थांबते. आमच्याकडे दारात आलेल्याला नुसते पाणी देण्याची रीत नाही. पाण्यासोबत गुळाचा खडा, मूठभर मुरमुरे, निदान दोन फुटाणे तरी हवेत. नुसता पेला पुढे केला, तर 'प्या आणि निघा' असा त्याचा अर्थ होतो. ही रीत इतर घरे सोयीने पाळत. मामाजी कायद्यासारखी पाळत. अंतरही ते जेवणाच्याच मापाने सांगत. इटियाडोहचे धरण किती दूर, असे विचारले तर "एका शिदोरीचं" आणि शेजारचे गाव किती दूर, तर "दोन पानं चघळाले लागतात" असे उत्तर मिळे. नकाशाचे प्रमाण शिकवताना मी हे उदाहरण वर्गात देत असे. मुलांना ते किलोमीटरपेक्षा लवकर कळे, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तर, अशा माणसाच्या वाट्याला एके वर्षी एक लहान मुलगी आली. मार्च सरत आला होता आणि मोहफुले गळू लागली होती. मोहाच्या दिवसांत आईबाप अंधार असतानाच रानात फुले वेचायला जातात, आणि पुढे मे महिन्यात तेंदूपाने तोडायला. घरी लेकरे तेवढी उरतात. शाळा सुरू असते तोवर दुपारची खिचडी असते. शाळेला सुट्टी लागली की खिचडीलाही सुट्टी लागते. ती मुलगी मामाजींच्या ओसरीसमोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मामाजींनी विचारले, "जेवली का?" ती लगेच म्हणाली, "जेवली." त्यांनी विचारले, "काय जेवली?" तिने भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतले. मग म्हणाली, "भात." मग आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "अन् वांग्याची भाजी." मामाजींनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते म्हणाले, "बाई, जेवलेलं लेकरू भाजीचं नाव पटकन सांगते, तोंड वाकडं करून सांगते. उपाशी लेकरू आठवून राहते. ते खोटं नाही बोलत, त्याले लाज राहते."

त्या उन्हाळ्यात शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामाजींच्या अंगणातल्या आंब्याखाली सकाळची पंगत सुरू झाली. कोणाला आमंत्रण नव्हते आणि कोणाला मनाई नव्हती. मूल घरून ताटली घेऊन यायचे आणि बसायचे. डाळ-भात, एक भाजी, कधी आंबील. पंगत उठली की मामाजी फाटकापाशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय जेवला?" पोरे धावत धावत ओरडून सांगत, "डाळ-भात, भोपळा!" भूगोलाच्या तासाला मला अशी तत्पर उत्तरे कधी मिळाली नाहीत.

हे सारे मामाजींच्या स्वतःच्या कोठीतून चालले होते, आणि कोठी काही अक्षय्य नव्हती. पुढल्या वर्षी होळीनंतर मामीजींनी कोठीत डोकावून पाहिले आणि निकाल दिला. "औंदा पावसापर्यंत आपल्यालेच पुरते का ते पाहा. मी नाही म्हनून नाही राहिली, कोठी नाही म्हनून राहिली." मामाजींनी स्वतः डोकावून पाहिले. तांदूळ आणला नाही तर मे महिन्यात आंब्याखाली कोणी बसणार नव्हते. त्या दिवसांत त्यांनी घंटी वाजवणे सोडल्याचे मला नणंदेने कळवले, आणि प्रकरण गंभीर आहे हे मला त्यावरून समजले.

मार्ग निघाला तो गोंदियाहून. तिथल्या काही तरुणांचे सायकल मंडळ होते; सुट्टीच्या दिवशी हे लोक टोप्या घालून लांब लांब फेऱ्या काढत. मंडळाचे अध्यक्ष मोबाईलचे दुकान चालवत आणि आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांची माझी ओळख झाली होती. मी त्यांना पंगतीची हकिकत सांगितली. त्यांनी गोंदियातल्या एका राइस मिलच्या शेठजींना गाठले. शेठजी व्यवहारी माणूस. नुसते दान त्यांना पसंत नव्हते. ते म्हणाले, "अर्जुनी से निकलो, और धूप चढ़ने से पहले नवेगाव के तालाब पर पहुँचो. जितने लोग साइकिल लेकर पहुँचेंगे, उतने कट्टे चावल मेरे तरफ से." अर्जुनी म्हणजे आमचे तालुक्याचे गाव; तिथून जितके पोहोचतील तितकी तांदळाची पोती. अट स्पष्ट होती, हिशेब सोपा होता, आणि पन्नासेक जणांनी नावे दिली. पंगत पुढच्या पावसापर्यंत सुखाने चालावी इतका तो तांदूळ होता.

तयारीची बैठक मामाजींच्या ओसरीवर झाली. मी स्वयंसेवकांची व्यवस्था पाहत होते आणि कामे वाटून देत होते. वाटेत तीन गावे. शेवटचे मामाजींचे, आणि तिथून तळे थोडेसेच पुढे. प्रत्येक गावात स्वारांसाठी पाणी ठेवायचे होते. हे काम मामाजींकडे आले, कारण तिन्ही गावांत त्यांना न ओळखणारे कुत्रेसुद्धा नव्हते. अध्यक्षांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावले. "मामाजी, सिर्फ पानी. मटका और गिलास. बस."

मामाजींनी त्यांच्याकडे जरा करुणेने पाहिले. "भैया, जेवला का?"

"हाँ मामाजी, जेवला."

"काय?"

अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. मामीजींनी तोवर पाट मांडला होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते. पण मी कागदावर गावांपुढे 'पाणी' असे लिहिले आणि विषय संपला असे मानले.

फेरीच्या आदल्या आठवड्यात मामाजी सायकल हाताशी धरून तिन्ही गावांत गेले. त्यांनी काय सांगितले हे मी नंतर चौकशी करून निश्चित केले आहे. ते म्हणाले होते, "लेकराइच्या पोटासाठी मोठमोठे पोरं सायकलीनं येऊन राहिले. पानी ठेवा. रिकामं नोका ठेवू." यापेक्षा एक शब्द अधिक नाही. पण आमच्या भागात तेवढ्यावर काय होते, हे मामाजींना ठाऊक होते आणि अध्यक्षांना नव्हते.

फेरीच्या दिवशी झुंजुमुंजू होताच अर्जुनीहून सायकली निघाल्या. मी एका स्वयंसेवकाच्या मोटारसायकलवर मागून होते. हवा गार होती, मोहाचा वास होता, आणि पोरे इतक्या जोरात होती की शेठजी तळ्यावर पोहोचण्याआधीच हे पोहोचतील असे मला वाटले. पहिल्या गावात गूळ आणि मुरमुरे होते. हे रीतीला धरूनच झाले, असे मी म्हटले. परंतु मोबाईल तोपर्यंत आमच्या गावोगावी पोहोचले होते, आणि पहिल्या गावाने काय दिले ही वार्ता सायकलींच्या पुढे धावत होती. दुसऱ्या गावच्या बायकांनी मुरमुऱ्यांची गोष्ट ऐकून घेतली आणि पोह्यांची कढई चढवली. वर झणझणीत रश्शाची तर्री होती. अध्यक्ष शिट्टी वाजवत राहिले, "पाँच मिनट, पाँच मिनट"; पण एका म्हाताऱ्या आजींनी त्यांच्याच हातात बशी दिल्यावर शिट्टी तोंडात ठेवून पोहे खाणे शक्य नव्हते.

तिसरे गाव मामाजींचे. दुसऱ्या गावाने पोहे दिल्यावर मामाजींच्या गावाने काय करावे, याचा विचार वाचकांनीच करावा. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडांखाली शेणाने सारवलेल्या जागेवर पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि लग्नात करतात तशा गरमागरम पुऱ्या, ज्यांना आम्ही सुवारी म्हणतो. गावातली सारी लेकरे आधीच पंगतीत बसली होती, एक लेकरू आणि एक रिकामी पत्रावळ अशा पद्धतीने, म्हणजे प्रत्येक स्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक लेकरू आलेच पाहिजे. लेकरे खाण्याला हात लावेनात. पाहुणा बसला की मग. आता कोणता स्वार नाही म्हणेल?

"ताई, हमको जाना है," असे एक जण मामीजींना म्हणाला.

"जाय ना बाप्पा, कोन धरून राहिलं? एक सुवारी घे. तेवढ्यानं का सायकल जड होते?"

एका सुवारीने होत नाही. परंतु कोणीही एक घेतली नाही. बालकांच्या भुकेसाठी निघालेली फेरी पोटभर जेवणाने अडवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. पंगत उठली आणि स्वार जिथे हात धुतले तिथेच मोहाच्या सावलीत आडवे झाले. काहींनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या. ऊन वर येत होते. तळ्याच्या पाळीवर शेठजी पोत्यांचा ट्रक घेऊन उभे असल्याचा फोन आला, आणि लगेच दुसरा आला, की शेठजी घड्याळ पाहत आहेत. अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मॅडम, ये लोग सीट पे बैठेंगे तो उलटी करेंगे." मी मामाजींच्या अंगणातल्या आंब्याकडे पाहिले. पुढल्या महिन्यात त्याच्याखाली पंगत बसणार की नाही, हे आता या झोपलेल्या माणसांवर होते.

मामाजी सगळ्यात शेवटी जेवले होते. त्यांनी हात धुतले, पान लावले, ते तोंडात टाकले आणि सूर्याकडे पाहिले. मग ओसरीची सायकल काढून रस्त्यावर आणली आणि कितीतरी दिवसांनी घंटी वाजवली. ती ते थांबवीनात. एकेक टोपी वर झाली.

"बसनं होत नाही ना? मंग बसू नोका," ते म्हणाले. "उभे राहा. सायकल हातात धरा. पोट भरल्यावर चालाच लागते. आमचे बाप-आजे मालव्याहून इथवर चालतच आले, त्याइले कोनी सायकल नोहती दिली."

एक जण म्हणाला, "मामाजी, कितना दूर है?"

"दोन पानाचं."

आणि ते निघाले. मागे वळून पाहण्याची त्यांना सवय नव्हती. उजवा हात प्लॅस्टिकच्या सीटवर, डावा हँडलवर. त्यांच्या मागे एक उठला, मग चार उठले, मग सारे. सायकल हातात धरून चालणे वाटते तितके सोपे नाही. पेडल नडगीला लागते. मामाजींनी एक-दोघांना ते दाखवून दिले, की सायकल आपल्यापासून किंचित बाहेर कलती धरावी म्हणजे ती अंगावर येत नाही. चालता चालता पोट हलके झाले, गप्पा सुरू झाल्या. वाटेत शेतात होते ते बांधावर आले आणि नेमाप्रमाणे विचारू लागले, "काऊन बा, साऱ्याइच्या पंक्चर झाल्या का?" कोणाला मदत हवी का, असेही त्यांनी विचारले. एक गृहस्थ हवा भरायचा पंप घेऊन बराच वेळ सोबत चालले. अशा रीतीने सायकलीवर न बसणाऱ्या माणसाच्या मागून पन्नासेक सायकली तळ्यावर गेल्या, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण होते. पण प्रसंग पूर्ण होत नाही.

कारण तळ्याच्या पाळीवर शेठजी उभे होते, आणि ते प्रसन्न नव्हते. ऊन चढले होते यात शंका नव्हती. ते अध्यक्षांना म्हणाले, "ये क्या है भाई? ये तो पदयात्रा हो गई. साइकिल चलाने की बात थी." शेठजींचे मुनीमजी ट्रकच्या फळीला हात लावून थांबले. अध्यक्ष खाली पाहू लागले. मी माझ्या मनात काही वाक्ये जुळवत होते, ज्यांत अट नेमकी काय होती याचे विवेचन होते. ती वाक्ये चांगली होती, पण मला बोलावे लागले नाही.

मामाजींनी सायकल स्टँडवर लावली, शेठजींच्या समोर उभे राहिले आणि विचारले, "शेठजी, जेवले का?"

"हाँ हाँ, खाया."

"काय?"

शेठजींनी तळ्याकडे पाहिले. पाण्यात दूरवर एका मासेमाराचा डोंगा होता. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. गोंदियाहून ते अंधारात निघाले होते, ट्रकबरोबर आले होते, आणि पोरे आता येतील, मग येतील म्हणून उन्हात उभे होते. शेवटी ते म्हणाले, "वो… घर से कुछ खाके ही निकला था."

मामाजींनी कॅरिअरवरची पिशवी सोडली. तिच्यात दुमडलेल्या पत्रावळीत सुवारी आणि वांग्याची भाजी होती. निघताना त्यांनी ती कधी बांधून घेतली होती, हे कोणाला कळले नव्हते. शेठजी नको नको म्हणत पाळीवरच्या दगडावर बसले. दोन घास गेल्यावर त्यांनी विचारले, "मामाजी, आपने पकड़ा कैसे?"

"जेवलेला मानूस पटकन सांगते, शेठजी. उपाशी मानूस आठवून राहते."

शेठजींचा हात पत्रावळीवर थांबला. "बच्चे भी ऐसेच करते हैं?"

"लेकरं तं अधिक. त्याइले लाज अधिक राहते ना."

शेठजींनी उरलेली सुवारी संपवली, पत्रावळ नीट दुमडली आणि मुनीमजींना हाक मारली. "जितनी साइकिल खड़ी है, सबका उतारो." मुनीमजी मोजत मामाजींच्या सायकलीपाशी आले आणि अडले, कारण सीटवर प्लॅस्टिक होते. शेठजी म्हणाले, "वो भी गिनो. सबसे पहले तो वोही पहुँची."

"मी त्याइच्यातला नोहे," मामाजी म्हणाले.

"गिनो," शेठजी म्हणाले.

त्या वर्षी मे महिन्यात आंब्याखाली पंगत बसली, आणि शाळा उघडून खिचडी शिजेपर्यंत ती एकही दिवस चुकली नाही. कोठीला मामीजींनी कुलूप लावले होते, ते उघडावे लागले नाही. मी नंतर एकदा मामाजींना सरळ विचारले, की हे सगळे त्यांनी ठरवून केले होते का. गावातली सारी लेकरे त्या दिवशी जेवली, ती योगायोगाने जेवली का. त्यांनी पान चघळत थोडा विचार केला. "रिकामं पानी देत नाहीत, बाई," ते म्हणाले, आणि मला यापलीकडे काही मिळाले नाही.

पुढे काही वर्षे मामाजी सायकल अशीच हातात धरून चालत राहिले. मग तिने ओसरी सोडली नाही. सीटवरचे प्लॅस्टिक पिवळे पडले, पण फाटले नाही. शेवटच्या दिवसांत मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा मामीजी हयात नव्हत्या आणि मामाजी खाटेवर पडून होते. त्यांना मी ओळखू आले की नाही, याची मला खात्री वाटत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "जेवली का?"

"हो, मामाजी."

"काय?"

सकाळची गाडी पकडण्याच्या घाईत मी घरून तशीच निघाले होते. मी खिडकीतून आंब्याकडे पाहिले. मुलांना उत्तर यायला का वेळ लागतो, हे मला त्या वेळी जितके कळले तितके आधी कधी कळले नव्हते. मामाजींनी मान वळवून सुनेला सांगितले, "बाईले ताट लाव." ते मी त्यांच्याकडून ऐकलेले शेवटचे वाक्य आहे.

फेरी आजही निघते. आता तिची व्यवस्था चांगली आहे. सगळ्यांना एकसारखे बनियन असतात, पाणी बाटलीत असते, आणि सगळे वेळेवर तळ्यावर पोहोचतात. मोहाखाली कोणी झोपत नाही. आंब्याखालची पंगत मामाजींची सून चालवते आणि फाटकापाशी तीच उभी राहते. तरीही कधी रस्त्याने कोणी हातात सायकल धरून चालताना दिसला, तर मी थांबते आणि विचारते, पंक्चर झाली का. बहुतेक वेळा झालेलीच असते.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. मी सांगितले म्हणून मामाजींच्या पद्धतीवर विश्वास ठेवू नका. ती स्वतः पडताळून पाहा. उद्या तुमच्या दारात, वर्गात किंवा दुकानात एखादे मूल येईल. त्याला जेवलास का, एवढेच विचारून थांबू नका. काय जेवलास, असे विचारा, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा.